सिंक्लेअरची स्वस्ताई: हुशारी की खिसा कापायची युक्ती?

जुना_खोका:
मार्च १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स८१ हा घरगुती संगणक आला, किंमत ६९.९५ पौंड. अजूनही लोक त्याचे गोडवे गातात. मला त्या किमतीचाच राग येतो. मेमरी १ केबी. प्रोग्रॅम जरा लांबला की संपली. मग १६ केबीचा रॅम-पॅक, म्हणजे जास्तीच्या मेमरीचा डबा, घ्या, आणखी ४९.९५ पौंड! तोही मागच्या कनेक्टरवर नुसता खोचलेला. कळ जोरात दाबली की पॅक हलायचा, मशीन बंद पडायचं आणि तासाभराचं टायपिंग पाण्यात. लोक तो ब्लू-टॅकने, म्हणजे चिकट लगद्याने, चिकटवून ठेवायचे. म्हणजे आधी किंमत ठरवायची, आणि तिच्यात न बसलेलं सगळं अ‍ॅक्सेसरी म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं.

आण्याचा_हिशेब:
आधी किंमत ठरवली, मान्य. मग त्यात चुकलं काय? आधीच्या झेडएक्स८० मध्ये २१ चिप्स होत्या, ८१ मध्ये ४. बाकीच्यांचं बरंचसं काम फेरांटी कंपनीच्या एका यूएलए चिपमध्ये (गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे आतली जोडणी करून मिळणारी चिप) कोंबलं. याला खिसा कापणं म्हणत नाहीत. उलट बीबीसी मायक्रो हा दुसरा संगणक बघा: मॉडेल ए २३५ पौंडांना जाहीर झालं आणि थोड्याच महिन्यांत २९९ वर गेलं. सगळं आत घालायचं म्हटलं की असं होतं. ७० पौंडवाल्या पोराने काय करायचं होतं, दुकानाच्या काचेला नाक लावून बसायचं?

चिपवाली:
+१. सिंक्लेअरचाच पुढचा संगणक, १९८२ चा ४८ केबी स्पेक्ट्रम तर याहून भारी. वरच्या ३२ केबीच्या ८ चिप्स मुळात ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या. असला माल स्वस्तात उचलायचा आणि चांगला अर्धाच वापरायचा. कुठला अर्धा, ते बोर्डावरच्या एका जंपरने, म्हणजे छोट्या तारेच्या जोडणीने, ठरायचं. आठही चिप्सचा एकच अर्धा शाबूत हवा, म्हणून आधी निवडानिवड. हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत.

जुना_खोका:
दंडवत घाला, पण त्याच स्पेक्ट्रमला जॉयस्टिकचं भोक का नव्हतं तेही सांगा. केम्पस्टन या दुसऱ्याच कंपनीने जॉयस्टिक जोडायचा इंटरफेस विकला, खेळवाल्यांनी तो धरून खेळ लिहिले. मग १९८३ मध्ये सिंक्लेअरला जाग आली आणि इंटरफेस २ काढला, तो केम्पस्टनशी न जुळणारा! वर रॉम काडतुसांची, म्हणजे खेळ भरलेल्या चिपच्या डब्यांची, खाच. काडतूस महाग, तोच खेळ कॅसेटवर कितीतरी स्वस्त. जेमतेम १० खेळ निघाले.

चौसष्टवाला:
म्हणून सिंक्लेअरपेक्षा कमोडोर कंपनी भारी! चिप बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी १९७६ मध्येच विकत घेतली, चिप्स घरच्या. ५९५ डॉलरचा कमोडोर ६४ संगणक वर्षभरात २०० च्या आसपास उतरवला, तो काय उगाच?

आण्याचा_हिशेब:
आणि त्याचा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह? आत स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ केबी रॅम, आणि वेग सेकंदाला सुमारे ४०० बाइट. कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० संगणकाच्या जमान्यातली संथ सीरियल बस (एकेक बिट पाठवणारी जोडणी) तशीच पुढे ओढली. खेळ लोड होईस्तोवर चहा होऊन कप विसळूनही व्हायचे.

चौसष्टवाला:
लोडिंगचा वेग वाढवणारं एपिक्स कंपनीचं फास्टलोड काडतूस लावायचं की.

जुना_खोका:
वा! पुन्हा अ‍ॅक्सेसरीच.