पोहायला संस्था कशाला, विहिरी बुजल्या काय?

शहापूरची आई:
काल या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं की आपल्या बेळगावच्या वडगावातली, पोरांना जिम्नॅस्टिक्स आणि पोहणं शिकवणारी ती संस्था म्हणजे "पैसेवाल्यांचे चोचले". जिम्नॅस्टिक्स म्हणजे "पोरींना उड्या मारायला लावायचा परदेशी खेळ". आणि पोहण्याचं म्हणाल तर "आम्ही विहिरीत फुकट शिकलो, विहिरी बुजल्या काय?" रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काका, कोण पैसेवाले? कापडाचे माग बंद पडलेल्या शेडमध्ये वर्ग भरतो. आमच्या ह्यांचे दोन माग होते, आता दुसऱ्याच्या मागावर जातात. आमची तीन महिन्यांची फी राहिली, कुणी चकार शब्द काढला नाही. आत गेलं की आधी सुताच्या धुळीचा वास येतो, मग पोरींचे पावडरीने पांढरे झालेले हात दिसतात. बीम, म्हणजे तोल सांभाळत चालायची पट्टी, 10 सेंटिमीटर रुंद, शेताच्या बांधाहून अरुंद. स्पर्धेत तो सव्वा मीटर उंच असतो. इथला सुताराने केलेला, गुडघ्याएवढा, वर घोंगडं ताणून ठोकलेलं. त्यावर आमची नऊ वर्षांची पोर गिरकी घेते. परदेशी खेळ म्हणे! आगरतळ्याची दीपा कर्माकर 2016 ला रिओ ऑलिंपिकात व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन उडी घ्यायच्या प्रकारात, चौथी आली, कांस्य 0.150 गुणांनी हुकलं. तेव्हा टाळ्या तुम्हीही वाजवल्या असणार.

जुना तालीमबाज:
ते काका मीच. लपत नाही. ताई, पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब उभा केला, त्यात काय कमी आहे? एक शिसवी खांब, थोडं एरंडेल आणि वस्ताद. गादी नको, पावडर नको. पोरगं मल्लखांबावरचा दसरंग शिकलं की अंग लवतं. आमच्या गल्लीतली तालीम ओस पडली, तिथं आता कॅरम आणि मोबाईल. त्या संस्थेला हौस होती तर तालमीत का नाही आली?

आणि पोहणं? आजोबांनी पाठीला रिकामा डबा बांधला, काठावरून ढकललं. चौथ्या दिवशी डबा सोडला. संस्थेच्या पोहायच्या टाकीत काय, डोळे लाल आणि डोक्यावर रबरी टोपी.

अनगोळकर:
डबा?! डबा बांधून शिकलेला माणूस पोहण्यावर बोलतोय. डब्याचं झाकण सुटलं की पोर तळाला. आमच्यात पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे. हलकं, गळायची भानगड नाही.

जुना तालीमबाज:
पांगारा पाणी पितो. दोन उन्हाळ्यांत जड होतो. डबा झाळून पक्का बंद करायचा असतो, येड्यागत झाकण लावून नव्हे.

हिंडलग्याचा पाहुणा:
दोघंही चूक. वाळका भोपळा. विषय संपला.

अनगोळकर:
भोपळा काठावर आपटला की फुटतो. तुमच्याकडं विहिरीला पायऱ्या होत्या वाटतं, म्हणून हे लाड.

येळ्ळूर रोड:
अहो, विहिरी कुठं आहेत ते सांगा आधी! आमच्या परड्यातली विहीर बोअर पडल्यापासून मे येईस्तोवर कोरडी पडते. शेजाऱ्यांनी त्यांच्या विहिरीवर स्लॅब टाकला. तिसरीत निर्माल्य, थर्माकोल आणि सत्यनारायणाची केळीची पानं. देव पाण्यात घालायचे आणि पोरं पण त्यातच घालायची? मी दरवर्षी सांगतो, निर्माल्य झाडाखाली पुरा. ऐकतं कोण?

(हा विषय वेगळा आहे, पण मी सोडणार नाही.)

खानापूरवाला:
फलक बघितला का संस्थेचा? कन्नड मोठं, मराठी मुंगीएवढं. फॉर्म तर कन्नड-इंग्रजीतच. आधी ते विचारा.

शहापूरची आई:
कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीपासून फलकावर 60 टक्के कन्नड ठेवावं लागतं, विश्वस्त संस्थांनाही. फॉर्म मराठीत हवा, हे मान्य, मीही सांगितलंय. पण आत शिकवणाऱ्या ताई पोरांवर मराठीत ओरडतात, सर कन्नडमध्ये. पोरं दोघांचंही ऐकत नाहीत. 1956 पासूनचा सीमावाद टाकीत बुडवू नका.

खानापूरवाला:
म्हणजे आमच्या मुद्द्याला किंमत नाही. चालू द्या.

जुना तालीमबाज:
स्पष्ट बोलतो. पोरींनी त्या आखूड कपड्यात सगळ्यांसमोर उड्या मारायच्या, हे आमच्या घरात चाललं नसतं.

शहापूरची आई:
तुमच्या तालमीत लंगोट लावून बसणारे काय सोवळ्यात असायचे?

तुमच्या घरात चाललं नसतं, माझ्याही घरात नाही चाललं. माझे तिन्ही भाऊ विहिरीत शिकले. मी त्याच विहिरीच्या पायरीवर त्यांच्या चड्ड्या पिळत बसायचे. एकदा पाय घसरला, दोन घोट पाणी गेलं, आईनं वेणी धरून वर ओढलं आणि वर मारलं. "फुकट शिकलो" म्हणता तेव्हा कोण शिकलं तेही सांगा. तुमच्या बहिणी पोहतात?

जुना तालीमबाज:
नाहीत.

अनगोळकर:
काका, गप झालासा?

खानापूर रोड:
मला विहीर-टाकी दोन्ही पटत नाही. माझा मामेभाऊ विहिरीत मासोळीगत पोहायचा. जून संपता संपता मलप्रभा नदीला पाणी चढलं होतं, मित्र वाहून जाताना दिसला म्हणून यानं उडी घेतली. मित्र झाडाला अडकून वाचला. हा तिसऱ्या दिवशी सापडला. विहिरीत धार नसते, टाकीतही नसते. मग शिकवता काय?

शहापूरची आई:
वाईट झालं, दादा. पहिल्या आठवड्यात हात मारायला शिकवतच नाहीत. पाठीवर तरंगत राहायचं, ओरडायचं, आणि कुणी बुडत असेल तर उडी घ्यायची नाही. दोर, काठी, ओढणी, हाताला येईल ते फेकायचं. आमची पोर घरी पलंगावरून भावाला साडी फेकते.

खानापूर रोड:
हे त्याला कुणी सांगितलं असतं तर.

हिंडलग्याचा पाहुणा:
आणि कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2010 च्या आशियाई खेळात कांस्य घेऊन आला, पोहण्यात भारताला 24 वर्षांनी पदक. डबा बांधून नाही आलं ते.

जुना तालीमबाज:
बरं बाबा, बरं. मोठी शहाणी माणसं तुम्ही. नातीला शनिवारी आणतो, बघू. पण शेडच्या कोपऱ्यात मल्लखांब पुरायचा, खांब मी देतो. आणि टोपी मी घालणार नाही.

शहापूरची आई:
टोपी नातीला घालायची आहे, काका. खांबाचं ताईंना विचारते. एरंडेल गादीवर सांडलं तर पुसायचं तुम्ही.

अनगोळकर:
ते सगळं ठीक. पण पांगारा पाणी पितो हे कुणी सांगितलं तुम्हाला?

जुना तालीमबाज:
माझ्या आजानं. आणि झाळलेला डबा अजून माळ्यावर आहे, फोटो टाकू?