किशोरवयीन मुले शरीरसंबंधांतील धोका कसा मोजतात?

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा): दहावीच्या मुलांना गर्भधारणा आणि एचआयव्हीची माहिती तोंडपाठ असूनही ती धोका गांभीर्याने का घेत नाहीत?

आशा कार्यकर्ती, मेळघाट: ताई, ती धोका मोजतात, फक्त त्यांची मापे निराळी असतात. आजार दूरचा वाटतो. मात्र गावात बोभाटा होईल, बाबा शाळा सोडवतील, ही भीती रोजची असते, आणि औषध दुकानदार वडिलांच्या ओळखीचा असल्यामुळे निरोध मागणे हाच मुलाला मोठा धोका वाटतो. (कापूसवेचणीच्या दिवसांत घरे दिवसभर ओस असल्याने एकांत सहज मिळतो, हेही ध्यानात घ्यावे.)

वैद्यकीय अधिकारी: सहमत आहे. शिवाय संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीवर त्यांचा फाजील विश्वास असतो. ती लैंगिक आजारांपासून मुळीच वाचवत नाही. रुग्णालयात समुपदेशन मिळते, पण रांगेत शेजारीण भेटेल म्हणून मुली फिरकत नाहीत.

एक पालक: कायदाही सांगा. २०१२ च्या पॉक्सो (मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही, हे पोरांना बहुधा गुन्हा दाखल झाल्यावरच कळते.

शिक्षिका: मग पुढच्या तासाला आजारांची यादी बाजूला ठेवून, नकार कसा द्यावा आणि अडचणीत कोणाकडे जावे, यावरच बोलते.