स्टेअरिंगमागच्या खटक्यांना पैसे मोजावेत का? दर पंधरा दिवसांनी कन्नड घाट आहे

उस्मानपुऱ्याचा_बंड्या
नमस्कार मंडळी. राहायला संभाजीनगर, नोकरी शेंद्र्याला, सासुरवाडी चाळीसगाव. म्हणजे दर पंधरा दिवसांनी कन्नडचा औट्रम घाट शनिवारी उतरायचा, रविवारी चढायचा. आजवर मॅन्युअलच चालवली. वडिलांचा डावा गुडघा गेल्या वर्षी बदलला, पण गाडी चालवायची हौस काही बदलली नाही, म्हणून या वेळी ऑटोमॅटिक.

दोन गाड्या डोक्यात आहेत. नवी आय-२० एन लाइन डीसीटी (म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक), नाहीतर सेकंडहँड २०१८ ची ऑक्टाविया आरएस, ६२ हजार किलोमीटर पळालेली. दुसरीसाठी खिसा बराच ताणावा लागेल. दोन्हींना स्टेअरिंगमागे पॅडल शिफ्टर, म्हणजे बोटाने गियर बदलायचे खटके, आहेत. शोरूमचा पोरगा म्हणाला, "सर, एकदम फॉर्म्युला वनचा फील." जालना रोडवर दोन सिग्नलच्या मधे मी डावा खटका दोनदा ओढला. गाडी घुर्रकन ओरडली आणि थोड्या वेळात आपली आपण परत 'डी'वर, म्हणजे स्वतः गियर बदलायच्या मोडवर, आली. फील वगैरे काही आला नाही.

तर हे पॅडल खरंच कामाचे असतात का? वळणावर स्टेअरिंग फिरलं की डावा-उजवा गोंधळ होत नाही का? आणि जुन्या गाडीत ते खराब झालेत का, हे कसं तपासायचं?

लातूरकर_काका
पैशे कामून घालवायलास लेका? माझ्या गाडीला हायेत. पहिला आठवडा ओढले, मग इसरलो. आता नातू मांडीवर बसून ओढतो, ते बी गाडी बंद असताना. समृद्धीवर १२० ला क्रूझ लावली की पाय पण रिकामा आन् बोटं पण रिकामी.

चिकलठाणा_गॅरेज
काका, समृद्धीचं तुमचं म्हणणं बरोबर. सरळ रस्त्यावर पॅडल म्हणजे बाशिंग. पण बंड्याभाऊंचा प्रश्न घाटाचा आहे, आणि तिथे उतारावरच त्याचे पैसे वसूल होतात.

आधी एक समजून घ्या. पॅडल हा साधा विजेचा खटका आहे. मागे ना गियर ओढणारी केबल, ना दांडा. तुम्ही ओढलं की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला अर्ज जातो. मंजूर करायचा की नाही ते तो ठरवतो. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) फार वर जाणार असेल तर खालचा गियर तो देत नाही. त्यामुळे चुकून ओढलं तर इंजिन फुटेल ही भीती काढून टाका. उजवा वर, डावा खाली, एवढंच.

आता घाट. ऑटोमॅटिक 'डी'मधे असली की पेट्रोल वाचवायला वरचा गियर धरून बसते. उतारावर वरच्या गियरमधे इंजिन गाडीला फारसं अडवत नाही, मग सगळा भार ब्रेकवर. कन्नड उतरून चाळीसगावकडे पोचल्यावर चाकांपाशी करपट वास येतो ना, तो याचाच. उतार सुरू व्हायच्या आधी लिव्हर 'एस' (स्पोर्ट) किंवा 'एम'ला (मॅन्युअल) घ्या आणि डावा खटका एक-दोनदा ओढा. साधारण तिसरा गियर, अडीच-तीन हजार आरपीएम. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी. आवाज वाढला म्हणून घाबरू नका. गियरमधे असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात, त्या वेळी पेट्रोल जळतच नाही. 'डी'मधे राहून नुसतं ओढलं तर थोड्या वेळाने ती परत स्वतःच्या मनाने चालते. जालना रोडवर तुमचं तेच झालं.

डीसीटीची एक गंमत. दोन क्लच असतात, एकावर एकी गियर, दुसऱ्यावर बेकी. तिसऱ्यात जोर धरून चालला असाल तर चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून उजवा ओढला की चुटकीसरशी पडतो. पण त्याच वेळी अचानक डावा ओढलात तर त्याला चौथा सोडून दुसरा शोधावा लागतो, तिथे अर्धा श्वास उशीर होतो. उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना हे लक्षात असू द्या. आधी खाली या, मग बाहेर काढा.

जुनी आरएस बघताना: तिचा सहा गियरचा डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांचा डीसीटी) ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या, क्लचचा आहे, ६० हजारांना गिअरबॉक्सचं ऑइल बदलावं लागतं. ६२ हजार पळालीय म्हणता, तर ते बिल मागा. तोंडी "झालंय साहेब" चालणार नाही. एन लाइनचे क्लच कोरडे. घाटात ट्रॅफिक तुंबला की अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा, नाहीतर क्लच तापतो. पॅडल तपासायला 'एम'मधे सगळे गियर वर-खाली करून बघा. मग उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून हॉर्न आणि आवाजाची बटणं दाबा. पॅडल, हॉर्न, बटणं, एअरबॅग, सगळ्यांच्या तारा स्टेअरिंगमागच्या एकाच गुंडाळलेल्या पट्टीतून जातात. ती तुटायला आली की कुठेतरी वळणावर काहीतरी मुकं होतं.

पिट_लेन_पैठणगेट
डाव्या-उजव्याच्या गोंधळावर. हे भांडण गाडी बनवणाऱ्यांचंही अजून मिटलेलं नाही. फेरारीने पॅडल स्टेअरिंगच्या दांड्याला पक्के बसवले, चाक फिरलं तरी ते जागचे हलत नाहीत. फोक्सवॅगन-ऑडीकडे ते चाकाबरोबर फिरतात. निसान जीटी-आरमधे आधी दांड्यावर होते, २०१७ च्या मॉडेलपासून चाकावर आले. पोर्शेने तर पीडीके (त्यांचा दोन क्लचचा गिअरबॉक्स) आणला तेव्हा पॅडलऐवजी चाकावर सरकती बटणं दिली, अंगठ्याने पुढे ढकलली की वर, मागून बोटाने ओढली की खाली. दोन्ही बाजूंना तेच. लोक वैतागले, मग पॅडलचं स्टेअरिंग जादा पैसे देऊन मिळू लागलं.

मुळात हे आलं रेसिंगमधून. १९८९ ची फेरारी ६४०, डिझायनर जॉन बर्नार्ड. त्याला गियरची दांडी काढून गाडीचं पोट अरुंद करायचं होतं, वेग ही नंतरची गोष्ट. चाचण्यांत गिअरबॉक्स सारखा दगा द्यायचा, आणि पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलला, नायजेल मॅन्सेल जिंकला. तेही मधेच पिटमधे स्टेअरिंग बदलून! रस्त्यावरच्या गाडीत फेरारीने ते १९९७ ला एफ-३५५ मधे दिलं. दुहेरी क्लचचा डीएसजी २००३ च्या गोल्फ आर-३२ मधे आला.

तुमच्या दोन्ही गाड्यांत पॅडल चाकाबरोबर फिरतात. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर ठेवून वळाल तोवर गोंधळ नाही. नागमोडी वळणावर हात बदलावा लागला तर त्या वेळी पॅडल शोधूच नका. वळणाआधी गियर, वळणात फक्त स्टेअरिंग.

(अवांतर: २०१० ला एका दिवसात १५० मर्सिडीज घेणारं आपलं गाव. त्यातल्या किती जणांनी पॅडल ओढला असेल, देव जाणे.)

नांदेडची_वहिनी
माझी होंडा सिटी सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) आहे. सीव्हीटीत खरे गियर नसतातच, पॅडल ओढला की ती सात पायऱ्या असल्यासारखं वागते. तरी तुळजापूरच्या उतारावर मी वापरतेच. सासूबाई मागे बसून म्हणतात, "गाडी कामून ओरडायली गं?" मी म्हणते, आई, तुमच्यासाठीच ओरडायली.

बंड्यादादा, वडील चालवणार असतील तर त्यांना आधी मोकळ्या मैदानात शिकवा. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी इंडिकेटर समजून खटका ओढला होता.

मोसंबीवाला_जालना
पॅडलवर वरून चिकटवायचे मोठे धातूचे पंखे मिळतात, ते घेऊ नका. मी हौसेनं लावले. मे महिन्यात गाडी मोंढ्यात उन्हात उभी होती, बसून बोट लावलं तर तव्यावर पडल्यासारखं. जुलैत डावा पंखा गळून पायापाशी आला, नेमका ब्रेकखाली. बसवणारा म्हणतो, "फेविक्विक लावा."

उस्मानपुऱ्याचा_बंड्या
सगळ्यांचे आभार. रविवारी आरएस घेऊन घाट उतरलो, मालक शेजारी. गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं तसं वरच 'एम' टाकून तिसऱ्यावर आणली. अर्ध्या घाटापर्यंत ब्रेकला पाय फक्त टेकवत होतो. खाली थांबून चाकाजवळ नाक नेलं, वास नाही! मालक बघतच राहिला. गाडी सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.

मग उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून हॉर्न दाबला. चूप. सरळ केलं, वाजला. परत डावीकडे, परत चूप. एअरबॅगचा दिवा मात्र लागत नाही. मालक म्हणतो, "एवढं स्टेअरिंग फिरवून हॉर्न कोण वाजवतं?" ऑइलचं बिल "घरी आहे" म्हणाला.

चिकलठाणा_गॅरेज
टोकन दिलंय का?

उस्मानपुऱ्याचा_बंड्या
नाही.

चिकलठाणा_गॅरेज
मग बिल डोळ्यांनी बघेपर्यंत देऊ नका. पट्टी नवीन बसवून मिळते, तिचे पैसे किमतीतून कापा. काम मात्र रस्त्यावरच्या कारागिराकडे नको. स्टेअरिंग उघडायचं तर एअरबॅग मधे येते, बॅटरी काढून थांबावं लागतं. आणि स्टेअरिंग उजवीकडे फिरवून बघितलं का?

उस्मानपुऱ्याचा_बंड्या
डावीकडचं बघूनच मालकाचा चेहरा उतरला होता दादा. बुधवारी परत जातोय, तेव्हा उजवीकडे. वडील पण येणार म्हणतायत.