गच्चीवर स्ट्रॉबेरी लावता येईल का? (इंदूर)

गच्चीवाली_इंदूर: लेकीला स्ट्रॉबेरी फार आवडते, पण सालच नसते ना तिला, औषधाचा फवारा मारला की थेट फळावरच, आणि धुवून किती निघणार? म्हणून म्हटलं कुंडीत लावून बघू. बियांचं पाकीट आणलंय. आपल्याकडच्या गर्मीत जमेल का?

सुदामानगरकर: बिया सोडा हो ताई, उगवायलाच महिना लागतो आणि फळ मूळ जातीसारखं येईलच असं नाही. रोपं आणा, विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली जातीची, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. आपली काळी माती नुसती वापरू नका, पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) नि गांडूळखत भरपूर मिसळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, माझी पहिल्या वर्षीची सहाच्या सहा रोपं तो गाडल्यामुळेच गेली! फळं जानेवारी ते मार्च. एप्रिलनंतर आशा नको, हे काय महाबळेश्वर आहे का :)

मालवणी_इन_माळवा: खाली भुसा पसरा, फळ मातीला टेकत नाही. लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आला तर पानांच्या खालून नीमतेल फवारा, संध्याकाळी. बुलबुलांचं मात्र बघा, पिकायच्या आदल्या दिवशी हजर असतात मेले, जाळी लावाच.

गच्चीवाली_इंदूर: बापरे, बरं झालं विचारलं. किती रोपं लावू?

सुदामानगरकर: दहा-बारा तरी. तरी एका वेळी वाटीभरच निघतील हं, लेकीला आधीच सांगून ठेवा.