शेवाळ उपाशी मारायचं की खाऊन संपवायचं?

खारट नाशिककर
नाशकात खाऱ्या पाण्याची रीफ टाकी (म्हणजे कोरल, प्रवाळ असलेली माशांची टाकी) सांभाळणारे आपण मोजकेच. एकाने काही केलं की बाकीचे डोळे मिटून तेच करतात. सध्या खूळ आहे फॉस्फेट शून्यावर आणायचं. खडकावर हिरवे केस (हेअर अल्गी, केसांसारखं शेवाळ) दिसले रे दिसले की जीएफओची (फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांची) पिशवी संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत, माशांचं खाणं निम्म्यावर, आणि फॉस्फेट तपासायच्या किटच्या नळीत रंग आला नाही की लगेच फोटो ग्रुपवर. पुढे झोअँथससारखी मऊ कोरलं मिटून बसतात, वाळूवर तपकिरी शेंबूड चढतो आणि त्याच ग्रुपवर रडारड सुरू होते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. रीफ टाकीतलं शेवाळ उपाशी मरत नाही. ते मरायच्या आधी कोरल मरतं. किटवर शून्य आणि खडकावर कुरण हे दोन्ही एकाच वेळी दिसतं, कारण फॉस्फेट पाण्यात उरतच नाही, सुटल्या सुटल्या शेवाळ ते ओढून घेतं. आणि नायट्रेट-फॉस्फेट खरोखरच संपवलंत, तर रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट (डायनो, शेंबडासारखा थर धरणारे सूक्ष्मजीव) येतात. ते हेअर अल्गीपेक्षा वाईट. ऑस्ट्रिऑप्सिस जातीचे असले तर गोगलगायीसुद्धा मरतात.

समुद्रात शेवाळ कशामुळे आटोक्यात राहतं? कोणीतरी ते चरत असतं म्हणून. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमधले लांब काट्यांचे डायाडेमा सी अर्चिन साथीत जवळजवळ साफ झाले. जमैकाच्या रीफवर १९७७ मध्ये निम्म्याहून जास्त भागावर जिवंत कोरल होतं, नव्वदीच्या सुरुवातीला ते ३ टक्क्यांच्या आसपास उरलं. बाकी सगळीकडे शेवाळ.

म्हणून ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी भरपूर ठेवा, टाकी मोठी असेल तर टँग (शेवाळ खाणारा मासा) ठेवा, आणि स्वतःचे हात ओले करा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ च्या पुढेमागे. एवढं असू द्या, घाबरू नका.

सातपूरचा स्किमर
साफ असहमत. गोदावरीत दरवर्षी पानवेली का माजतात? नदीत पानवेल खाणारा प्राणी कमी पडला म्हणून, की सांडपाणी येतं म्हणून? यंत्र लावून कितीही उपसा, नाल्याचं तोंड उघडं आहे तोवर पुन्हा हिरवंगार.

तुमची टर्बो शेवाळ खाते आणि तिथेच खडकावर हगते. ते खत टाकीबाहेर गेलं कुठे? बाहेर काढतो तो स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), पाणी बदल आणि रिफ्युजियममधला, म्हणजे संपमधल्या वेगळ्या कप्प्यातला, कीटोमॉर्फा हे मुद्दाम वाढवलेलं शेवाळ. कीटो मूठभर वाढला की उपटून फेकायचा, त्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेट बाहेर. गोगलगाय फक्त केस कापते, न्हावी आहे ती.

आणि मुळात आपण टाकीत ओततो काय ते तपासा. अर्धे लोक घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी मिठात कालवतात. त्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळायची सोय असते. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) नळाखाली धरून बघा, शून्य येत नाही. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी तर बघूच नका, झोप उडेल. वेगळं मेम्ब्रेन आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारं) लावल्याशिवाय शेवाळावर चर्चा म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खारट नाशिककर
आरओ-डीआयबद्दल वादच नाही, आणि मी नाला उघडा ठेवा म्हणालोच नाही. मी शून्याच्या हट्टाविरुद्ध बोलतोय. आणि हातानं उपटून बादलीत गेलेली शेवाळाची मूठ हे खत बाहेर काढणंच झालं की. तुमचा कीटो वेगळं काय करतो? तुम्ही शेवाळ संपमध्ये पिकवता, मी खडकावरचं उपटतो.

सातपूरचा स्किमर
फरक एवढाच की माझ्या हॉलमध्ये पाहुणे येतात तेव्हा ते संप बघत नाहीत.

मीठभाकर
दोघेही अशा शेवाळाबद्दल बोलताय जे कोणीतरी खातं. ब्रायोप्सिस नावाचं चिवट शेवाळ आलं तर काय कराल? काडी पाण्यातून काढून उजेडात धरा. मधोमध दांडी आणि दोन्ही बाजूंना पिसासारखे बारीक तंतू दिसले तर तेच. बहुतेक गोगलगायी त्याला तोंड लावत नाहीत. उपटलं तर तुटलेल्या तुकड्यातून चार ठिकाणी नवं उगवतं. पोषण कमी केलं तरी ते शेवटपर्यंत तग धरतं.

त्याला फ्लुकोनाझोल लागतं. तेच, बुरशीवरचं. साधारण २० लिटरला १०० मिलीग्रॅम, टाकीतून फिल्टरचा कार्बन काढून ठेवायचा (तो औषध शोषतो), पाणी बदल थांबवायचा आणि धीर धरायचा. पहिले काही दिवस ढिम्म फरक पडत नाही, मग पांढुरकं होऊन विरघळायला लागतं. माझ्या टाकीत कोरल, कोळंबी, मासे सगळे शाबूत राहिले. तत्त्वाच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी ब्रायोप्सिस पोसून दाखवावं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

कॉलेज रोडची केमिस्ट
मेडिकल चालवते म्हणून राहवत नाही. फ्लुकोनाझोल चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही. 'माशांच्या टाकीसाठी दहा गोळ्या द्या' म्हणून काउंटरवर येणाऱ्याला मी परत पाठवते. बुरशीची औषधं माणसांवर चालेनाशी होत आहेत आणि आपण तेच पाणी बादलीने गटारात ओततो. कोणी सायनोवर (लाल-जांभळी साय धरणाऱ्या जीवाणूंवर) एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घालतात, ते तर त्याहून वाईट. टाकीतलं नायट्रेट पचवणारेही जीवाणूच आहेत ना?

शिवाय मेलेलं शेवाळ जातं कुठे? पाण्यातच कुजतं, ऑक्सिजन खातं, खाल्लेलं फॉस्फेट परत ओकतं. एप्रिल-मेमध्ये, पाणी आधीच तापलेलं असताना हे करून बघा म्हणजे कळेल.

मीठभाकर
ताई, चिठ्ठीचा मुद्दा मान्य. कुजण्याचाही मान्य, म्हणूनच आधी जमेल तेवढं हाताने काढून मग औषध, आणि एअर पंप चालू. पण ब्रायोप्सिसवर तुमच्याकडे दुसरा उपाय काय, ते सांगितलंच नाहीत.

कॉलेज रोडची केमिस्ट
खडक सुटा असेल तर बाहेर काढायचा, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड टूथब्रशने फक्त शेवाळावर लावायचं, थोडं थांबून खाऱ्या पाण्यात विसळून परत. पहिल्या झुपक्यालाच करायचं. सगळी टाकी भरेपर्यंत वाट बघितली की मग औषधाचीच भाषा सुचते.

द्राक्षबाग दिंडोरी
भाचीच्या घरी अशी टाकी आहे म्हणून हा धागा वाचतोय. आमच्या शेततळ्यात शेवाळ झालं की मोरचूद टाकतो, दोन दिवसांत पाणी स्वच्छ. बागेत बोर्डोतही तेच असतं. चिमूटभर टाकलं तर चालेल का?

सातपूरचा स्किमर
दादा, अजिबात नको!! तांबं गोगलगाय, कोळंबी, कोरल सगळ्यांना मारतं. खडकात आणि वाळूत मुरतं आणि पुढे कित्येक महिने थोडं थोडं सुटत राहतं. भाचीला आधी फोन करा.

द्राक्षबाग दिंडोरी
बरं झालं विचारलं. फवारणीची बादलीही तिकडे नेत नाही आता.

अभ्यासू मासा
काही दुरुस्त्या. जमैकाचं सगळं खापर अर्चिनच्या मरणावर फोडता येत नाही. तिथे शेवाळ खाणारे मासे आधीच भरमसाट पकडले गेले होते, १९८० मध्ये ॲलन वादळाने कोरल मोडलं, अर्चिन गेले ते त्यानंतर. म्हणजे चरणारे हवेत हे खरं, पण एकाच जातीवर भिस्त ठेवू नका, हेही त्याच उदाहरणातून निघतं. टाकीत सगळ्या टर्बोच भरल्या तर तेच होईल.

दुसरं, रेडफील्ड या शास्त्रज्ञाचं नायट्रोजन-फॉस्फरसचं १६:१ प्रमाण सारखं तोंडावर फेकलं जातं. ते अणूंच्या संख्येचं आहे. किटवरच्या नायट्रेट-फॉस्फेटच्या पीपीएममध्ये ते साधारण १०:१ होतं. शिवाय समुद्रातल्या प्लवकांचं ते मोजमाप, तुमच्या टाकीला दिलेला आदेश नव्हे.

तिसरं, लाल-जांभळी साय धरते ते सायनो, ते शेवाळ नाही, जीवाणू आहे. त्याला टर्बो बघतसुद्धा नाही. ते पाइपने ओढून काढा आणि पाण्याचा झोत तिकडे वळवा.

आणि ज्याबद्दल कोणीच बोललं नाही ते म्हणजे खडक. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे समुद्रातून उचललेला 'लाइव्ह रॉक' (जिवाणू-जीवांनी भरलेला खडक) घेऊ नका. तेव्हा आपल्यासाठी उरतो कोरडा, बनवलेला खडक. त्यावर सुरुवातीला काहीच जगत नसतं, म्हणून आधी डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ), मग हेअर अल्गी, मधेच डायनो असा क्रम बरेच महिने चालतो. त्या काळात उपाशी ठेवणारे आणि औषध घालणारे दोघेही घाई करतात. खडकावर गुलाबी कोरलाइन (चुन्यासारखं कडक, चांगलं शेवाळ) पसरेपर्यंत दिव्याचे तास आठवर आणा आणि ब्रश हातात धरा.

खारट नाशिककर
जमैकाचं मान्य. पण ब्रश हातात धरा म्हणजे मी पहिल्यापासून सांगतोय तेच!

सातपूरचा स्किमर
नाही, ते म्हणाले घाई करू नका. तुम्ही म्हणालात फॉस्फेट असू द्या. दोन वेगळ्या गोष्टी. ०.०५ ठीक, पण ०.०५ म्हणत म्हणत ०.३ वर गेलेल्या टाक्या मी पाहिल्यात, आणि तिथे कितीही गोगलगायी सोडा, पुरत नाहीत.

मीठभाकर
स्किमरभाऊ, भांडण चालू द्या, पण इंदिरानगरला येणार असाल तर तुमच्या कीटोमधली एक मूठ घेऊन या. आयप्टेशिया (झपाट्याने पसरणारा, नको असलेला समुद्रफूल) नसलेली.