‘पहिली महिला कुलगुरू’ म्हणजे नुसती शोभा? – ग्रेस अलेले-विल्यम्स

मास्तरांची लेक
काल आफ्रिकेतल्या ‘पहिल्या महिलां’वर लिहिताना ‘सडेतोड’ यांनी नायजेरियाच्या पहिल्या महिला कुलगुरू ग्रेस अलेले-विल्यम्स यांना एका वाक्यात निकालात काढलं. लष्करशहांना शोभेला एक बाई हवी होती, म्हणून 1985 मध्ये त्यांना बेनिन विद्यापीठाचं (बेनिन देशातलं नव्हे, नायजेरियाच्या बेनिन शहरातलं) कुलगुरूपद मिळालं, असं त्यांचं म्हणणं. तिथे प्रतिसाद लिहायला बसले, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

बाईंचा जन्म 1932 चा, वॉरी बंदरातला. 1954 ला इबादानहून गणित घेऊन पदवी, मग एडेच्या मुलींच्या शाळेत मास्तरकी, 1963 ला शिकागोची पीएच.डी. डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली नायजेरियन स्त्री. 1965 पासून लागोस विद्यापीठात, 1976 ला प्रोफेसर. कुलगुरू होण्याआधी तीस वर्षं शिक्षणात घालवलेल्या बाईला शोभेची म्हणायचं?

आणि एका गोष्टीबद्दल कुणीच बोलत नाही. लागोसला असताना त्यांनी वय झालेल्या प्राथमिक शिक्षिकांसाठी प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम सुरू केले. माझी आई झेडपीच्या शाळेत 31 वर्षं होती. पुढे शिकायचं म्हटलं की ‘आता या वयात कशाला’ एवढंच ऐकायला मिळायचं. म्हणून मला या कामाची किंमत कळते.

माझे बाबा 1981 ते 87 तिकडे, बेनिन शहर ज्यात होतं त्या बेन्डेल राज्यात गणित शिकवत होते. कॉलेजांतल्या गुप्त टोळ्यांची दहशत त्यांनी पाहिली होती. शेजारचा मुलगा सुट्टीला घरी आला तो परत जायलाच तयार नव्हता. रात्री दाराला आतून खाट लावून झोपायचा. ब्लॅक अ‍ॅक्स टोळीचं मूळ तर बेनिन विद्यापीठातच, 1977 चं. अशा ठिकाणी कुलगुरू होऊन या बाई त्या टोळ्यांशी लढल्या.

सडेतोड
टोळ्यांशी लढल्या, मान्य. पुढचं का गाळलंत? 1988 मध्ये लष्करशहा बाबांगिडांच्या सरकारनं प्राध्यापक संघटनेवर बंदी घातली. अध्यक्ष राहिलेले फेस्टस इयायी बेनिनचेच प्राध्यापक. त्यांना पकडलं, नोकरीही गेली. त्याच वर्षी त्यांच्या कादंबरीला राष्ट्रकुल लेखक पुरस्कार मिळाला. कुलगुरूंच्या खुर्चीत तेव्हा कोण होतं?

1989 च्या मे महिन्यात सरकारच्या आर्थिक धोरणांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, त्याची सुरुवातही बेनिनमध्येच झाली. माझे वडील आपल्याकडच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1977-78 च्या 54 दिवसांच्या संपात होते. घरात दोन्ही वेळा पेज असायची. संप करणाऱ्याच्या घरात काय चालतं ते मला पुस्तकातून वाचावं लागत नाही. त्या वेळी आपल्या माणसांमागे जो उभा राहत नाही, त्याला मी मोठा मानत नाही. बाई असो की बुवा.

नदीकाठ
मुंबई विद्यापीठ 1857 चं. पहिली महिला कुलगुरू मेहरू बेंगाली, 1986 मध्ये. म्हणजे 129 वर्षं लागली. बेनिनची संस्था 1970 ला सुरू झाली आणि पंधरा वर्षांत तिथे बाई कुलगुरू झाली. ‘शोभा’ म्हणण्याआधी हा हिशेब करा.

पाटीपेन्सिल
राजकारण राहू द्या बाजूला. या बाई ‘नव्या गणिता’वाल्या, म्हणजे शाळेत संच वगैरे आणणाऱ्या पद्धतीच्या होत्या, त्याचं काय? 1962 ला युगांडातल्या एंटेबेत बैठका भरवून अमेरिकी पैशावर आफ्रिकेसाठी पुस्तकं केली, त्या कार्यक्रमात या 1963 पासून होत्या. 1977 मध्ये नायजेरियन सरकारनं ते गणित शाळांतून बंद केलं.

मी 34 वर्षं गणित शिकवलं. आपल्याकडे संच आले तेव्हा पोरं छेद संच आणि संयोग संच घोकायची, आणि दुकानात सुट्टे पैसे मोजताना अडायची. पावकी-निमकी गेली ती गेलीच. घरी आजोबांना विचारावं तर त्यांना वेन आकृती (संच दाखवणारी, एकमेकांत अडकलेली वर्तुळं) म्हणजे काय ते ठाऊक नाही. एका पिढीचं घरातून शिकणंच तुटलं.

मास्तरांची लेक
सर, दोष संचांचा नव्हे, शिकवण्याचा. बाबा वर्गाबाहेर लाल मातीत काठीनं दोन वर्तुळं काढायचे, एकमेकांत अडकलेली. फुटबॉल खेळणाऱ्यांनी एकात उभं राहायचं, गाणाऱ्यांनी दुसऱ्यात. दोन्ही करणारी पोरं मधल्या भागात दाटीवाटीनं उभी राहायची. छेद संच कुणाला घोकावा लागला नाही.

पाटीपेन्सिल
तुमच्या बाबांच्या वर्गात किती मुलं होती? माझ्याकडे 72 असायची आणि मैदान नव्हतं. संच शिकवा असा जीआर काढणाऱ्यांनी तो वर्ग कधी पाहिला नाही. आता ‘दोष शिकवण्याचा’ म्हणून तुम्हीही माझ्यावरच ढकलताय. याचा मला मनापासून राग आला आहे.

मास्तरांची लेक
तुमच्यावर नव्हतं हो सर. चुकलं माझं, वाक्य मागे घेते. बाबांच्या वर्गात चाळीसच होती. 1986 ला तिकडच्या चलनाची, नायराची, किंमत कोसळली, पगाराचा ड्राफ्ट घरी पाठवून हातात काही उरेना, तेव्हा तेही परत आले. ती शाळा त्यांनी रडत सोडली.

सडेतोड
संचांवर 40 प्रतिसाद होण्याआधी माझं लिहितो. ‘शोभेची’ हा शब्द चुकीचा होता. लागोसच्या शिक्षिकांचं मला माहीतच नव्हतं. इयायींचा प्रश्न मात्र मी मागे घेत नाही.

मास्तरांची लेक
घेऊ नका. कुलगुरूनं आपल्या प्राध्यापकामागे उभं राहावं असं मलाही वाटतं. इयायी 2013 मध्ये संघटनेच्या बैठकीला जाताना अपघातात गेले, तेव्हा बाबा दिवसभर गप्प होते. 2022 च्या मार्चमध्ये बाई गेल्या, 89 व्या वर्षी. ती बातमी मी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी कपाटातून तिकडची वही काढून मागितली.

पाटीपेन्सिल
त्या वहीची पानं इथे टाका. वर्तुळांचं पान आधी. 72 मुलांत ते कसं जमवता आलं असतं, हे मला अजूनही बघायचं आहे.