इबेरियाला दोन देश कशाला हवेत?

सह्यकडा (धागाकर्ता)

२८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी काही सेकंदांत स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदमच गेली. बिघाड सुरू झाला स्पेनमध्ये. पोर्तुगाल त्या घडीला तिकडूनच वीज घेत होता, त्यामुळे तोही सोबत आडवा झाला. सगळं पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. दोघांचा वीजबाजार २००७ पासून सामाईक आहे, तेव्हा यात नवल काही नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. वीज, नद्या, चलन सगळं एकमेकांत गुंतलेलं असताना इबेरियाच्या या द्वीपकल्पावर दोन वेगळी सरकारं हवीत कशाला? (अंडोरा आणि जिब्राल्टर सध्या बाजूला ठेवू.) माझ्या मते दोघांनी मिळून एक संघराज्य करावं.

रेल्वेच घ्या. दोघांचेही जुने रूळ १६६८ मिलिमीटरचे, आपल्या ब्रॉडगेजच्या जवळपास, बहुतेक युरोपपेक्षा रुंद. तरी लिस्बन ते माद्रिद थेट गाडी नाही! रात्रीची लुसितानिया मार्च २०२० मध्ये थांबली ती परत सुरूच झाली नाही. नकाशावर सरळ मोजलं तर दोन राजधान्यांमध्ये अंतर जेमतेम ५०० किलोमीटर.

आणि सीमेवरची माणसं? सुमारे १२०० किलोमीटरच्या या पट्ट्यात दोन्हीकडची गावं ओस पडत चालली आहेत, कारण दोन्ही सरकारांच्या लेखी तो शेवटचा कोपरा. स्पेनला रोखायला पोर्तुगालने एल्वश गावाभोवती चांदणीच्या आकाराची प्रचंड तटबंदी उभारली. २०१२ पासून ती जागतिक वारसा आहे. त्याच एल्वशचा प्रसूती विभाग २००६ मध्ये बंद झाला आणि तिथल्या बायका बाळंतपणाला वीसेक किलोमीटरवर, स्पेनमधल्या बादाहोसला जाऊ लागल्या. लोकांनी सीमा कधीच ओलांडली, राज्यकर्ते मागे राहिले.

इतिहासवेडी

पूर्ण असहमत. हा प्रयोग एकदा करून झालाय, १५८० ते १६४०.

पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियांव १५७८ मध्ये मोरोक्कोत लढाईत पडला. त्याला मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांत स्पेनचा दुसरा फिलिप पोर्तुगालच्याही गादीवर बसला. १५८१ मध्ये तोमारच्या सभेत त्याने शब्द दिला की पोर्तुगालचे कायदे, भाषा आणि कारभाराच्या जागा पोर्तुगीजांकडेच राहतील. म्हणजे तुम्ही म्हणता तशीच व्यवस्था: छप्पर एक, घरं दोन. सुरुवातीला शब्द बऱ्यापैकी पाळलाही गेला. मग स्पेनच्या युद्धांचा खर्च वाढला आणि फिलिपच्या नातवाच्या काळात कर पोर्तुगालच्या मानगुटीवर बसले. १६४० मध्ये स्पेनच्याच कॅटलोनिया प्रांतात बंड झालं, तर ते मोडायला चला म्हणून पोर्तुगीज सरदारांना फर्मान सुटलं. दुसऱ्याच्या भांडणात आपली माणसं! त्या १ डिसेंबरला सरदारांची टोळी लिस्बनच्या राजवाड्यात घुसली. माद्रिदच्या वतीने कारभार हाकणाऱ्या मिगेल द वास्कोंसेलुशला त्यांनी ठार केलं आणि खिडकीतून खाली फेकलं. स्पेनने स्वातंत्र्य मान्य केलं ते थेट १६६८ मध्ये, २८ वर्षांच्या लढाईनंतर.

हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. काटकसरीच्या काळात, २०१३ पासून, लिस्बनच्या सरकारने १ डिसेंबरची सुट्टी बंद केली होती. २०१६ ला ती परत द्यावी लागली.

आणि मतांचं गणित मांडून बघा. एक कोटी माणसं जवळपास पाच कोटींच्या शेजारी बसली तर निर्णय कोण घेणार? आज युरोपीय संघात, ब्रसेल्सच्या टेबलावर पोर्तुगालला स्वतःची खुर्ची आहे. ती सोडायची आणि जिथे स्पेनमधले कॅटलान आणि बास्क अजून आपला हक्क मागत उभे आहेत त्या रांगेत जाऊन उभं राहायचं?

मांडवीकाठ

ताईंना अनुमोदन, गोव्याच्या बाजूने. जुन्या गोव्यातली बॉम जेझूस बासिलिका १५९४ ते १६०५ मधली, आग्वादचा किल्ला १६१२ चा. दोन्ही उभी राहिली तेव्हा गोव्याचा राजा माद्रिदला बसत होता. आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही. डचांचं वैर मुळात स्पेनशी, पण राजा एक झाल्यावर पोर्तुगीज बंदरं त्यांना हक्काची शिकार वाटू लागली. मांडवीच्या तोंडाशी डच जहाजांनी नाकेबंदी केली ती याच काळात.

लिस्बनमुक्कामी

इथे राहून जे दिसतं ते सांगते. पेट्रोल आणि गॅसचं सिलिंडर आणायला सीमेजवळचे लोक बिनदिक्कत स्पेनला जातात, पण "स्पेनकडून ना वारा चांगला, ना सोयरीक चांगली" ही म्हण इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. इकडे जेवण एकच्या सुमाराला, रात्रीचं आठला. स्पेनमध्ये अडीच आणि रात्रीचे दहा. त्यात घड्याळाचा एक तास वेगळा, कारण १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोने स्पेनचं घड्याळ मध्य युरोपला जोडलं आणि ते तसंच राहिलं. ग्वादियाना नदीवर स्पेनच्या सानलुकारहून पोर्तुगालच्या अल्कोतिमला तारेवरून घसरत जाता येतं. मिनिटभरात पलीकडे, आणि तिथल्या घड्याळात तुम्ही निघालात त्याच्या तासभर आधी पोचलेले असता.

संघराज्य इथे कुणी मागत नाही. माद्रिदची थेट गाडी मात्र सगळे मागतात.

पाटबंधारे_निवृत्त

धाग्यात नद्यांचा नुसता उल्लेख झाला, पण खरं दुखणं तिथेच आहे. मिन्यो, दोरू, तेजू, ग्वादियाना, चारही नद्या स्पेनमधून येतात आणि सीमेचा काही भाग त्याच आखतात. पोर्तुगाल कायम खालच्या अंगाला. १९९८ च्या अल्बुफेरा करारानुसार स्पेनने तेजूत वर्षाला किमान २७०० दशलक्ष घनमीटर पाणी सोडायचं. आपल्या हिशेबात सुमारे ९५ टीएमसी, कोयनेच्या साठ्यापेक्षा थोडं कमी.

पण वर्षाचा आकडा पुरा करणं वेगळं आणि नदी वाहती ठेवणं वेगळं. २००८ मध्ये तिमाही आणि आठवड्याचे किमान आकडे करारात घातले, तरी पळवाट उरलीच. जलवर्ष संपतं सप्टेंबरअखेर. २०१९ मध्ये राहिलेला कोटा भरून काढायला तेजूवरच्या, सीमेलगतच्या सेदियो धरणातून पाण्याचे लोंढे सोडले गेले. धरण तळाला गेलं आणि त्याच्या फुगवट्यावर जगणाऱ्या पोंसुल आणि सेवेर या पोर्तुगालकडच्या उपनद्या उघड्या पडल्या. होड्या चिखलात रुतल्या. करार मात्र कागदावर पाळला गेला.

सह्यकडा

काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. एक सरकार असतं तर एकच नदी खोरे मंडळ असतं आणि सेदियोचे दरवाजे पोंसुलकाठच्या शेतकऱ्याला विचारून उघडले असते. ताईंचा १६४० चा मुद्दा वजनदार आहे, पण तो राजेशाहीचा. तेव्हा ना निवडणूक होती ना न्यायालय. वाद मिटवायचा कुठे हा प्रश्न तलवारीनेच सुटायचा.

पाटबंधारे_निवृत्त

विचारून उघडले असते हे कशावरून? याच तेजूचं पाणी १९७९ पासून उगमाजवळून कालव्याने स्पेनच्याच आग्नेयेला मुर्सियाकडे, सेगुरा खोऱ्यात वळवलं जातं. तेजूकाठच्या टोलेडोचे लोक त्याविरुद्ध वर्षानुवर्षं मोर्चे काढतात. ते तर त्याच देशाचे नागरिक आहेत! मुर्सियाच्या भाजीपाल्यामागे पैसा आहे, म्हणून पाणी तिकडे जातं.

सह्यकडा

आणि टोलेडोकरांच्या बाजूने निकाल कुणी दिला? त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २०१९ मध्ये. नदीत किमान प्रवाह किती हवा हे ठरवल्याशिवाय तेजूचा आराखडा चालणार नाही, असं सांगून त्यातली कलमं रद्द केली. पोर्तुगालच्या शेतकऱ्याला त्या न्यायालयात उभं राहायला जागा आहे का?

इतिहासवेडी

त्या न्यायालयात नसेल, पण त्याचं स्वतःचं सरकार स्पेनला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात खेचू शकतं. टोलेडोच्या प्रांतिक सरकारला तसं जाता येत नाही. लिस्बनने तो हक्क आजवर तेजूसाठी वापरला नाही हा लिस्बनचा दोष. त्यावर वेगळा धागा काढा, मी तुमच्या बाजूने लिहीन.